युनिक्स टाइमस्टॅम्प एक्सेलच्या तारखेत कसा बदलायचा?

टाइमस्टॅम्पला ८६४०० ने भागा, त्यात २५५६९ मिळवा आणि सेलला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं, एक्सेल दिवस मोजतं. दिवसाचे सेकंद ८६४००, आणि १ जानेवारी १९७० चा एक्सेलमधला क्रमांक २५५६९. उदाहरणार्थ, १७००००००००चे होतात ४५२४४.९२५९, म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२:१३:२०. उलट करायचं तर आधी २५५६९ वजा करा, मग ८६४०० ने गुणा. आकडा तेरा अंकी असेल तर ते मिलिसेकंद आहेत, आधी १००० ने भागा. मात्र येणारी वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. स्थानिक वेळेसाठी तुमच्या टाइमझोनच्या फरकाचे तास २४ ने भागून मिळवा किंवा वजा करा, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदींची तारीखच बदलते.