पुस्तकं कपाटाबाहेर काढायची तर आधी मोठ्या बाईंची काळजी मिटवा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आपल्या नाशिकमधली, इंदिरानगरकडची अनुदानित प्राथमिक शाळा, मुलगी दुसरीत, आणि ग्रंथालय म्हणजे स्टाफरूममधलं कुलूप लावलेलं लोखंडी कपाट. तुम्ही पाच-सहा पालक वेळ द्यायला तयार आहात. सोसायट्यांमधून पुस्तकं गोळा करायची आणि नोंदींसाठी एखादं ॲप घ्यायचं ठरतंय, पण मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, 'बघू' म्हणून विषय टाळताहेत. सिडकोतल्या एका शाळेत मी हे काम बरीच वर्षं करतेय. माझी मुलं तिथून केव्हाच बाहेर पडली, मी मात्र अजून जाते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकं गोळा करणं तूर्त थांबवा. तुमच्या शाळेत पुस्तकं आहेत, अडलंय ते कुलपाशी. आणि बाई कुलूप उघडत नाहीत याचा अर्थ त्यांना मुलांनी वाचायला नको असतं असा अजिबात नाही. शाळेच्या पैशातून आलेलं पुस्तक जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतं, म्हणजे आपण ज्याला डेडस्टॉक म्हणतो त्यात. बाकं, घंटा, भिंतीवरचे नकाशे यांच्याच पंगतीत गोष्टीचं पुस्तकही बसतं. ग्रंथालयाचा चार्ज ज्या बाईंकडे असतो त्यांना निवृत्तीच्या किंवा बदलीच्या वेळी नग मोजून द्यावे लागतात. चार पानं गळालेलं पुस्तकसुद्धा निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय, रद्दीत टाकता येत नाही. दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात पुस्तक गेलं की डबा, पाण्याची बाटली आणि धाकट्या भावाचे हात यांतून ते परत येणार, हे बाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं.

म्हणून बोलणं इथून सुरू करा: हरवलेल्या पुस्तकाचा भार बाईंवर येणार नाही, याची सोय आम्ही करतो. ती दोन प्रकारे होते. एक, पालकांनी आणलेली पुस्तकं डेडस्टॉकला चढवायचीच नाहीत. त्यांची वेगळी वही, वेगळा शिक्का, वेगळी पेटी. मालकी पालकांची, वापर शाळेच्या मुलांचा. त्यातलं पुस्तक गेलं तर पालक बघून घेतील. आमच्याकडे सुरुवात अशा पेटीनेच झाली. पेटीतली पुस्तकं मुलं घरी नेतात आणि बहुतेक परत आणतात, हे बाईंनी वर्षभर डोळ्यांनी पाहिलं, मग कपाटाची किल्ली आपोआप हातात आली.

दुसरा प्रकार म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित शाळेतही ही समिती लागते, तिच्यात किमान ७५ टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकंही हवीत असं लिहिलंय. पण कायद्याचा कागद नाचवत जाऊ नका, त्याने बाई फक्त दुखावतील. 'आठवड्यातून एक तास पालक पुस्तकं देतील-घेतील, वापरात फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकांचा आढावा वर्षअखेरीला समिती घेईल,' एवढा दोन ओळींचा ठराव मागा. तो बाईंच्या फायलीत गेला की त्या निम्म्या निर्धास्त. (विनाअनुदानित शाळेतल्या पालकांनी हेच पालक-शिक्षक संघाकडून करून घ्यावं. महापालिकेच्या शाळेत असाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं ग्रंथालय अनुदानही असतं. त्यातून कोणती पुस्तकं घ्यायची याबद्दल बैठकीत तोंड उघडा, नाहीतर चरित्रं आणि सुविचारसंग्रहांचे गठ्ठे येतात.)

आता माणसं. पाच-सहा जणी आहात, पुरे आहात. पण रोज थोडं थोडं करू असं ठरवाल तर दिवाळीपर्यंत दोघी उरतील. वार आणि तास पक्का करा, समजा शुक्रवार, शेवटचा तास, आणि त्या वेळी दोघी हजर म्हणजे हजर. पाऊस असो, घरी पाहुणे असोत. मुलांना शुक्रवार पाठ झाला की ती स्वतःच बाईंना आठवण करून देतात, मग तो तास रद्द करणं शाळेलाही जड जातं. यादीत फक्त आयाच आहेत हे मला खटकलं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारे बाबा दुसऱ्या किंवा रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी मोकळे असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आमचं कमी उंचीचं रॅक अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्या बाबांनी उरल्या-सुरल्या अँगलमधून करून दिलं. आणि आजोबांना विसरू नका. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक आजोबा आमच्याकडे नोंदवही सांभाळतात. आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस, एक पुस्तक कमी भरलं तर शाळेचं गेट सोडत नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. येणाऱ्या प्रत्येक पालकाची गेटवरच्या रजिस्टरला सही, एका वेळी दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत. ओळखीचेच आहेत सगळे, असं म्हणून ढिलं सोडू नका.

मांडणीवर मात्र मन लावून वेळ घालवा, कारण मूल पुस्तक निवडतं ते मुखपृष्ठ पाहून. कपाटात कणा दिसतो, आणि बालवाङ्मयाची पुस्तकं इतकी बारीक की कण्यावर नावही मावत नाही. वर आपल्याकडे प्रेमाने ब्राऊन पेपरची कव्हरं घालतात, म्हणजे वाघ, हत्ती, आगगाडी सगळं खाकी. ती कव्हरं काढा, पारदर्शक प्लॅस्टिक घाला. भिंतीला मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणा, कपड्यांचे चिमटे लावा आणि दर आठवड्याला वेगळी पंधरा-वीस पुस्तकं टांगा. पहिल्याच शुक्रवारी बघा, कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेल्या पुस्तकासाठी भांडण होईल. आमच्याकडे गांडुळावरच्या एका पुस्तकासाठी दुसरीतल्या दोघांनी एकमेकांचे शर्ट ओढले होते. तेच पुस्तक आधी कपाटात सगळ्यात मागे होतं.

पुस्तकांना इयत्तेचे शिक्के मारू नका. चौथीतल्या ज्या मुलाला अजून अडखळत वाचता येतं, तो 'पहिलीसाठी' लिहिलेलं पुस्तक चारचौघांत हातात धरणार नाही. रंगीत पट्ट्या लावा: एका पानावर एक-दोन ओळी असतील तर हिरवी, परिच्छेद असतील तर लाल, असं काहीतरी. पट्टीचा अर्थ तुम्हाला आणि बाईंना कळला तरी बास.

तासातली पंधरा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवायला ठेवा. इथे पालकांना वाटतं, आपलं मराठी शुद्ध नाही, आपण कसं वाचणार. सिडको-सातपूरमध्ये खानदेशातून आलेली घरं भरपूर, पोरांच्या कानावर घरात अहिराणी असते आणि शाळेत ती जीभ चावून बोलतात. एका आजीने पुस्तकातली चित्रं दाखवत गोष्ट सरळ अहिराणीत सांगितली, तेव्हा एरवी भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी गुडघ्यांवर सरकत पार पुढे आली आणि आजीच्या आधी पुढची वाक्यं बोलायला लागली. आजींना अक्षरओळख बेताचीच आहे. तरी त्यांचा शुक्रवार सगळ्यात जास्त भरतो.

हे सगळं मार्गी लागलं की मग पुस्तकं मागा, आणि मोघम मागू नका. 'जुनी पुस्तकं द्या' असा मेसेज फिरवलात तर दहावीची गाईडं, पोथ्या, डायऱ्या आणि दिवाळी अंक येतील, आणि देणाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. यादी द्या. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्सची चित्रांची पुस्तकं या वयाला चांगली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, तिसरी-चौथीसाठी त्याची वर्गणी भरा. पैसे अगदीच नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापायलाही परवानगी आहे. वाढदिवसाला वर्गात पुस्तक देण्याची टूम छान दिसते, पण ज्या घराला ते परवडत नाही त्या मुलाचा वाढदिवस सगळ्यांच्या लक्षात येतो. त्यापेक्षा बंद पाकिटात, नाव न लावता, ज्याला जमेल तेवढं. आपल्या शहरात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. वर्षातून एकदा मुलांना तिथे नुसती चक्कर मारून आणा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या कशा फिरतात हेही समजून घ्या, तुमच्या पेटीला त्यातून बरंच घेता येईल.

जुलै-ऑगस्टात कपाटाला ओल धरते आणि कसर लागते. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, उन्हाची उघडीप मिळाली की पुस्तकं पसरा. डांबरगोळ्या नकोत, लहान मुलं तोंडात घालतात. फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका, तो पिवळा पडतो आणि पान जास्त फाडतो. गव्हाच्या पिठाची खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावा. चौथीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात.

राहिलं ॲप. घेऊ नका. दोनशे पेजेसची वही, चार रकाने: नाव, पुस्तकाचा नंबर, नेलं, आणलं. नाव मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं, पहिलीतल्याने नुसतं आद्याक्षर काढलं तरी चालेल. दंड नाही. पुस्तक आलं नाही तर दुसरं द्यायचंच, फक्त पुढच्या शुक्रवारी आठवण करायची. वही शाळेतच ठेवा, घरी नेऊ नका, कारण बाईंना ती कधीही उघडून बघता आली पाहिजे. ठरावाचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे. हवा असेल तर सांगा, शाळेचं नाव बदलून तसाच देता येईल.