नोकरी जाण्याची वेळ आली आहे. रोज हरिपाठ म्हणतो, तरी चिंता जात नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?

नाही, कमी पडत नाही. तुमच्या प्रश्नातली हीच ओळ मला सगळ्यात जास्त लागली, म्हणून तिथूनच सुरू करते. तुमची चाकणची कंपनी गुजरातला हलते आहे. तिकडे जायचं की 47 व्या वर्षी इथेच दुसरी नोकरी बघायची, हे महिन्याभरात ठरवायचं. घराचे हप्ते चालू, मुलगी बारावीला. अशा वेळी रात्री तीनला जाग येणारच. त्यात कोणी 'देवावर भार टाकलास ना, मग कशाला काळजी करतोस' म्हणालं, की मूळच्या काळजीवर आणखी एक बसते: आपण भक्तीतही कमी पडलो.

ज्या संतांच्या वाटेवरचा हरिपाठ तुम्ही म्हणता, त्यांच्याकडेच बघा. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचा वडिलार्जित व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. ते दुःख, ती लाज त्यांनी अभंगांत झाकून ठेवलेली नाही. विठ्ठलाशी ते भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, जाब विचारतात. जनाबाई तर त्याला भरभरून शिव्या देते. यांची श्रद्धा कमी होती असं कोण म्हणेल? ज्याच्यावर भरवसा नसतो, त्याच्याशी आपण गोड आणि मोजकं बोलतो. तेव्हा रात्री जाग आली की नामस्मरणाने भीती दाबायला जाऊ नका. उठून बसा आणि घरच्या भाषेत विठ्ठलाला सगळं सांगा. हप्ता किती, बँकेत शिल्लक किती, नक्की कशाची धास्ती वाटते, राग कोणाचा आलाय. तो रागही सांगा.

आता 'देवावर सोडायचं' म्हणजे काय, हे मी वडिलांकडून पाहिलं तेच सांगते. ते मुंबईत गिरणी कामगार होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरातला पगार थांबला तो थांबलाच. वडील माळकरी, चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. 'विठ्ठल बघून घेईल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते नेहमी रात्री, दिवसा कधीच नाही. दिवसा ते काम शोधत हिंडायचे, मिळेल ती हमाली करायचे. आईने डबे करायला घेतले, तर ते पोचवायचे. पण संध्याकाळी पखवाज मांडीवर घेतला की उद्याचा विषय काढू द्यायचे नाहीत. एकदा आईने वाण्याच्या उधारीचं काढलं, तर म्हणाले, "तो सकाळी दुकान उघडेल तेव्हा मी जाऊन बोलतो. आत्ता त्याचं दुकान बंद आहे." काळजी त्यांनाही होती, त्या काळात ते फार वाळले. पण तिच्या वेळा त्यांनी ठरवून दिल्या होत्या.

वारीला जाणाऱ्या शेतकऱ्याचंही असंच असतं. पाऊस वेळेवर झाला तर तो पेरणी उरकून घर सोडतो. उगवेल की दुबार पेरणी करावी लागेल, याची खात्री कोणीच देत नाही. तरी बियाणं घरात ठेवून तो निघत नाही, आणि पेरून झाल्यावर बांधावर बसूनही राहत नाही. पुढे आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं, पण सकाळी डोक्यात असतो तो आजचा मुक्काम. आणि तो एकटा नसतो. दिंडीत तंबू कोणी लावतं, रांधायचं कोणी बघतं, पाय दुखले तर तेल लावणारंही भेटतं. एकट्याने भरवसा टिकवणं फार अवघड आहे हो. तुमच्या भागात भजनी मंडळ असेल तर आठवड्यातून एकदा तरी जाऊन बसा.

तुमची पेरणी म्हणजे बदलीच्या अटी कंपनीकडून लेखी मागणं, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब करणं (पाच वर्षांच्या वर नोकरी झाली असेल, तर दर वर्षामागे साधारण पंधरा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात), आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवता येते का ते विचारणं. चुकल्यावर गेलात तर बोलणं कठीण होतं. रोज यातलं एक काम करा. ते झालं की त्या दिवसापुरता तुमचा वाटा संपला, उरलेलं खुशाल त्याच्या पायाशी ठेवा.

झोप आठवडेच्या आठवडे अशीच मोडत राहिली तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. औषध घेतल्याने विठ्ठल रागावत नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हे मात्र याच आठवड्यात सांगा. आधी बायकोला, मग दोघांनी मिळून मुलीला. बारावीचं वर्ष आहे म्हणून तिला अंधारात ठेवू नका. बाबा रात्री उठून बसतात हे तिला केव्हाच कळलं असेल. का उठतात ते माहीत नसल्यामुळे ती कदाचित तुमच्या तब्येतीचं काहीतरी वाईट मनात धरून बसली असेल.