डॉक्टरांना विचारा : मामंजींना कोण विचारणार?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७१ आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला असून केमोथेरपीचा आता उपयोग नाही, असे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. मामंजींना आम्ही ‘कावीळ आहे, उतरेल’ एवढेच सांगितले आहे. शेवटी आयसीयूत न्यायचेच, नाहीतर लोक नावे ठेवतील, असे दीर म्हणतात. माझ्या पतींना त्यांना घरीच ठेवावेसे वाटते, पण आमची खोली चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. मॉर्फिनला सगळेच घाबरतात. – एक सून, लालबाग

उत्तर : दीर काय म्हणतात, पती काय म्हणतात आणि लोक काय म्हणतील, हे सारे तुम्ही लिहिले आहे, मामंजी काय म्हणतात, ते मात्र पत्रात कुठेच आलेले नाही. केमोसाठी इतक्या खेपा घातलेल्या माणसाला ही साधी कावीळ नव्हे, हे बहुधा उमगलेले असते. तो घरच्यांसाठी गप्प राहतो आणि घरचे त्याच्यासाठी. एखाद्या शांत दुपारी, ज्याच्याशी ते मोकळे बोलतात अशा एकानेच जवळ बसून ‘आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू?’ असे विचारावे. ‘मला काही सांगू नका’ असे ते म्हणाले, तर तेही मानावे आणि मग निर्णय कोणी घ्यावेत, एवढे तरी विचारून ठेवावे.

आयसीयूबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : यातून बरे काय होणार आहे? पित्तनलिका तुंबून कावीळ झाली असेल, तर स्टेंट बसवून खाज आणि ताप कमी होऊ शकतो, आणि तो उपचार प्रकृती पाहून जरूर करावा. शरीर कर्करोगानेच थकत आले असताना लावलेला व्हेंटिलेटर मात्र मूळ आजार हटवत नाही. माणसांपासून दूर, नळ्यांत गुंतलेले काही दिवस तेवढे वाढतात.

मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मानाने हळूहळू वाढवत दिले, तर व्यसन लागणे विरळा, आणि त्याने मृत्यू ओढवतो हाही गैरसमजच. साधी गोळी सहसा दर चार तासांनी देतात. बद्धकोष्ठ बहुतेकांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनंतरही मॉर्फिनची गोळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणच्या वेदनाशामक उपचार विभागातून ती लिहून घ्यावी लागते.

घरीच ठेवायचे ठरले, तर फॅमिली डॉक्टरांना आताच विश्वासात घ्या, कारण घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला (नमुना ४ अ) त्यांनाच द्यावा लागतो आणि त्यावाचून स्मशानात खोळंबा होतो. रात्री श्वास लागला, तर आधी कोणाला फोन करायचा, हे दिरांसह सर्वांनी ठरवून कागदावर लिहावे. नाहीतर घाबरून कोणीतरी १०८ ला फोन करते आणि निर्णय जिन्यावरच होऊन जातो. घरी निभणारच नसेल, तर १९८६ पासून वांद्र्याला चालणारे शांती अवेदना सदन अशाच रुग्णांसाठी आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. तिथे ठेवणे म्हणजे टाकून देणे, असे कोणी म्हणालेच, तर त्यांना एकदा तिथे घेऊन जा.

प्रश्न : माझा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. मला व्हेंटिलेटर नको, हे मृत्युपत्रात लिहिले तर चालेल का? – एक वाचक, दादर

उत्तर : नाही, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. यासाठी वेगळे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) लागते. ज्या वादामुळे हा विषय देशभर चर्चेला आला, तो आपल्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेतन पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा, २०११ चा. इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती ९ मार्च २०१८ रोजी. तेव्हा दंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. तुमच्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावे त्यात लिहा आणि एक प्रत महापालिकेकडे द्या. तुम्हाला स्वतः निर्णय घेता येतो तोवर तुमचाच शब्द चालतो. ती क्षमता उरली नाही की हा कागद कामी येतो, आणि तेव्हाही तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचे एकमत लागते.

नोटरीकडे जाण्यापूर्वी मुलांशी बोला. प्रत उपचारांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानाला लावा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला असा कागद बाराव्यानंतर सापडल्याचे मी पाहिले आहे.