पॅरिश : उपऱ्यांची वस्ती

प्रश्न असा आलाय : "प्लेगच्या ईयाम या इंग्लिश खेड्याबद्दल वाचताना 'पॅरिश' सारखं येतं. ग्रामपंचायत म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. आणि गावाचं नाव 'ईम', ईयाम नव्हे. निवडून येणारी पॅरिश कौन्सिल १८९४च्या कायद्याने आली, तिला हवं तर ग्रामपंचायत म्हणा. प्लेगच्या वेळची, १६६५ची पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. वसईकर तिला 'धर्मग्राम' म्हणतात, गोव्यात 'फिर्गज' म्हणतात. इतके चांगले शब्द घरात असताना अनुवादक पंचायतीत का शिरतात, देव जाणे.

खरी गंमत मुळाशी आहे. ग्रीकमध्ये 'पारा' म्हणजे जवळ, 'ओइकोस' म्हणजे घर. 'पारोइकोस' म्हणजे आधी शेजारी, मग परगावाहून येऊन राहिलेला उपरा. सुरुवातीचे ख्रिस्ती स्वतःला या जगातले उपरेच मानत, म्हणून त्यांची वस्ती 'पारोइकिया'. काही जुने पंडित हा शब्द 'पॅरोकस'वरून, म्हणजे प्रवासी सरकारी अधिकाऱ्यांना शिधा पुरवणाऱ्या माणसावरून काढतात. लॅटिनमध्ये शब्दाचं रूप बदलताना त्याचा हात लागला असेल, पण म्हणून तो काही बाप ठरत नाही! 'ओइकोस' आणि संस्कृत 'वेश' (घर) एकाच मुळाचे. उपसर्ग वेगळा, पण पारोइकोस म्हणजे बांधणीने आपला 'प्रतिवेशी'च. गावाची 'वेस'ही याच गोतातली असावी, हा माझा आवडता तर्क. 'विश्' म्हणजे आत शिरणे, आणि वेशीतूनच तर गावात शिरायचं. कुणाला हे ओढूनताणून वाटेल, वाटू दे.

आता या उपऱ्यांच्या वस्तीचं पुढे काय झालं बघा. १६६२च्या कायद्याने, गरिबांना पोसण्याचा खर्च पॅरिशवर पडेल अशी शंका आली तर नव्याने आलेल्या माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायची सोय झाली! त्यानंतर तीनच वर्षांनी ईममध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून प्लेग शिरला, असं सांगतात. १६६६च्या जूनमध्ये रेक्टर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन आणि आधी पदावरून काढलेले धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली, दोघांनी मिळून गावाला शीव न ओलांडायला राजी केलं. शिवेवरच्या दगडाला खळगे आहेत. रोग नाण्यांबरोबर जाऊ नये म्हणून त्यांत व्हिनेगर घालून गावकरी नाणी ठेवत, बाहेरचे लोक धान्य ठेवून ती उचलत.

दगड अजून तिथेच आहे. वेसच ती, नाहीतर काय?