बाबांचे १२ लाख आत्ता कर्जात भरू नका

प्रश्न : मी ४१ वर्षांची, खासगी कंपनीत नोकरीला. हातात ६८ हजार येतात. भांडुपला आमचा वन बीएचके आहे, घर आणि कर्ज दोन्ही आम्हा दोघांच्या नावावर. ३८ लाख बाकी, व्याज ८.५ टक्के, हप्ता ४६ हजार. आजवर निम्मा-निम्मा भरायचो. सात महिन्यांपूर्वी मिस्टर ऐरोलीला भाड्याने राहायला गेले आणि गेले तीन महिने त्यांचे २३ हजार आलेले नाहीत. घरखर्च आणि नववीतल्या मुलाचे क्लास धरून आणखी ३० हजार लागतात. कोर्टात अजून कोणीच गेलेलं नाही. बाबांनी गावची जमीन विकून मला १२ लाख दिलेत. आई आणि भाऊ म्हणतात, कर्जात भरून टाक, घर तरी हातात राहील. भरू का?

ताई, भरू नका. निदान आत्ता तरी नाही. आई आणि भाऊ काळजीपोटीच सांगतायत, पण १२ लाख भरल्याने घर तुमच्या हातात कसं राहील, हा हिशोब कोणी मांडलेला दिसत नाही. तो आधी मांडू.

समजा, भांडुपच्या घराची किंमत १ कोटी ५ लाख येते. (हा आकडा मी धरलाय, तुमचा वेगळा असेल.) ३८ लाखांचं कर्ज वजा केलं की ६७ लाख उरतात, दोघांना साडेतेहतीस-साडेतेहतीस. आता १२ लाख भरून टाका. कर्ज २६ लाखांवर येतं, उरतात ७९ लाख, प्रत्येकी साडेएकोणचाळीस. म्हणजे तुम्ही १२ लाख घातले आणि तुमचा वाटा ६ लाखांनी वाढला. बाबांच्या जमिनीचे उरलेले ६ लाख मिस्टरांच्या वाट्याला गेले. करारनाम्यावर दोघांची नावं आहेत. एकीने जास्त भरले म्हणून हिस्सा आपोआप वाढत नाही. ते पैसे माझे होते हे पुढे कोर्टात सांगता येतं, पण ते सिद्ध करायला कागद लागतात आणि वेळही.

दुसरी गोष्ट. एकरकमी रक्कम भरली की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. तुमचं कर्ज साडेदहा वर्षांऐवजी सहा वर्षांत फिटेल, पण पुढच्या पाच तारखेला ४६ हजारच जातील. अर्ज करून हप्ता कमी करून घेतलात तरी तो साडेएकतीस हजारांवर येतो, म्हणजे साडेचौदा हजार वाचतात. मिस्टरांकडून अडकलेत २३ हजार. एवढं करूनही भोक बुजत नाही, आणि हातातली रोख संपलेली असेल.

आजचा खरा खड्डा किती? ४६ आणि ३० मिळून ७६ हजार, पगार ६८. महिन्याला ८ हजार कमी पडतात. वर्षाला लाखाच्या आत. १२ लाखांच्या मालकिणीला हे झेपतं.

पैसे बाजूला ठेवण्याची किंमत आहे, तीही सांगतो. एफडीवर साधारण साडेसहा टक्के धरले तर कर्जाच्या व्याजापेक्षा २ टक्के कमी, म्हणजे वर्षाला २४ हजारांचा तोटा. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर बसत नसावा, त्यामुळे एफडीच्या व्याजातूनही फारसं काही जाणार नाही. ६ लाख अडकवण्यापेक्षा हे २४ हजार मला परवडणारे वाटतात.

हप्ता मात्र एकही चुकवू नका. मिस्टरांनी दिले नाहीत म्हणून आपणही निम्मेच भरायचे, असा राग येणं साहजिक आहे, पण बँकेला तुमचं भांडण दिसत नाही. कर्ज दोघांचं असतं तेव्हा पूर्ण रकमेची जबाबदारी दोघांपैकी प्रत्येकावर असते. थकलेल्या हप्त्याची नोंद दोघांच्याही सिबिलवर चढते, आणि थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं.

भरताना एक करा. बाबांचे पैसे फक्त तुमच्या नावाच्या नव्या खात्यात ठेवा. हप्ता ज्या जॉइंट खात्यातून कटतो तिथे ते ठेवूच नका. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यातून मिस्टरही सही करून पैसे काढू शकतात. दर महिन्याला हप्त्याच्या दोन दिवस आधी त्या खात्यात दोन वेगळ्या रकमा पाठवा. पहिले २३ हजार, शेरा ‘माझा हिस्सा’. दुसरे २३ हजार, शेरा ‘पतीचा हिस्सा, मी भरला’. त्याच दिवशी मिस्टरांना साध्या शब्दांत मेसेज करा. टोमणे नकोत, फक्त रक्कम आणि तारीख. बाबांकडून साधं बक्षीसपत्र लिहून घ्या आणि जमीन विकल्याचा कागद त्याला जोडून ठेवा. वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशावर प्राप्तिकर लागत नाही, पण पैसा कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे.

मिस्टरांचीही बाजू असेल. ऐरोलीचं भाडं आणि इथला हप्ता एकाच पगारातून भागत नसेल. म्हणून आधी बसून बोला, हवं तर दोघांच्या विश्वासातल्या कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घ्या. जे ठरेल ते लेखी हवं. महिनाभरात काही ठरलं नाही, तर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जाण्याआधी वकिलाला भेटा. मुलाच्या खर्चाची जबाबदारी वेगळं राहिल्याने संपत नाही, आणि बायको कमावती आहे एवढ्यावर पोटगीचा दावा फेटाळला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर मांडायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. म्हणजे ‘बघू, बघू’ करत घालवलेल्या महिन्यांचे पैसे सहसा मागता येत नाहीत. एक लक्षात असू द्या, शपथपत्रात तुमचे हे १२ लाखही लिहावे लागतील. लपवू नका.

मग हे १२ लाख कधी वापरायचे? मिस्टरांचं नाव कर्जातून आणि घरातून निघेल त्या दिवशी. आज ३८ लाखांचं कर्ज एकट्या तुमच्या ६८ हजारांवर कोणतीही बँक सहजी देणार नाही. पण कर्ज २६ लाख आणि हप्ता साडेएकतीस हजार असेल तर तो पगाराच्या निम्म्याच्या आत बसतो आणि बँक विचार करते. ही रक्कम एकदाच वापरता येणार आहे. ती आज संपवलीत तर वाटाघाटीच्या टेबलावर तुमच्याकडे काय उरलं?

अर्थात मिस्टरांच्या अर्ध्या हिश्श्याचं काय करायचं, हा प्रश्न राहतोच. साडेतेहतीस लाख तुम्ही देऊ शकत नाही. पोटगीच्या बदल्यात ते हिस्सा सोडतील का, यावर सगळं आहे. मुलाचा खर्च मात्र त्या सौद्यात घालू नका. आणि ते तयार नसतील तर घर विकावं लागेल, याची मनाची तयारी ठेवा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ४६ हजारांचा हप्ता एकटीने ओढत मुलाची दहावी-बारावी काढायची आणि वर डोक्यावर कोर्ट, यापेक्षा साडेतेहतीस आणि १२ मिळून साडेपंचेचाळीस लाख हातात असणं कधीकधी जास्त सुरक्षित असतं. ठाण्यापलीकडे लहान घर बघता येतं, नाहीतर मुलाच्या शाळेजवळ भाड्याने राहता येतं.

हिस्सा सोडण्याचा दस्त घटस्फोटाच्या हुकुमाआधी करायचा की नंतर, हे वकिलाला आत्ताच विचारून घ्या. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. हुकूम झाल्यावर तुम्ही पती-पत्नी उरत नाही.

एक काम याच आठवड्यात करा. मृत्युपत्र. नुसतं वेगळं राहिल्याने वारसाहक्क तुटत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्राविना विवाहित स्त्रीची मालमत्ता मुलांना आणि नवऱ्याला मिळते, म्हणजे बाबांच्या या पैशातलाही निम्मा वाटा मिस्टरांकडे जाऊ शकतो. सगळं मुलाच्या नावे लिहा, तो सज्ञान होईपर्यंत पैसे कोण सांभाळेल तेही लिहा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मेडिक्लेम मिस्टरांच्या ऑफिसचा असेल तर तुमचा आणि मुलाचा वेगळा काढा. स्वतः घेतलेली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी असेल तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्ट करण्यासाठी, म्हणजे दुसऱ्या कंपनीत नेण्यासाठी अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांसाठी आजवर भरलेला प्रतीक्षाकाळ वाया जाणार नाही.