आखाजीला माहेरी गेलात की प्रगतिपुस्तक शोधा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 34, बी.कॉम. झाले आहे. आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मिस्टर शेती बघतात, दुकान माझ्याकडे. पेरणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मी एकटी सगळं सांभाळते, एक बॅग इकडची तिकडे होत नाही. गर्दी सरली की मात्र माझं काहीतरी बिनसतं. स्टॉक रजिस्टर लिहायला बसते, तीन ओळी झाल्या की उठते, मागे गोडाऊनमध्ये जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं, कागद समोर असतात, तरी हात लागत नाही. मागच्या वर्षी इतक्या वेळा लेट फी भरली की सीए साहेबांनी शेवटी मिस्टरांना फोन केला. उधारीच्या वहीत एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर लिहिली गेली आणि भाऊबंदांत बोलणं बंद झालं. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण दूध उतू गेलं की विचारतात, "तुनं ध्यान कोठे र्‍हास वं?" मला खरंच सांगता येत नाही.

पुण्याच्या भावाने मोबाइलवर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या, चंचलपणाच्या त्रासाची, सहा प्रश्नांची एक चाचणी पाठवली. त्यात पाच उत्तरं 'शक्यता आहे' अशी आली. मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले, मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, "एडीएचडी लहान मुलांना असतो. तुम्ही ग्रॅज्युएट आहात, दुकान चालवता. मोबाइल कमी करा." एका लॅबवाल्याने 'ब्रेन मॅपिंग' करून घ्या म्हणून सांगितलं, पण त्याचा खर्च मोठा आहे. चिठ्ठीशिवाय मला कोणी तपासेल का? कागदावर असं काही आलं तर दुकानाला, घराला त्रास होईल का? आणि गोळ्यांची सवय लागते म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, चिठ्ठी लागत नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही त्या एका कागदापाशी अडून बसला आहात. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जाता येतं, खाजगी दवाखान्यातही आणि सरकारी ओपीडीतही. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावलाही 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खिडकीवर केस पेपर काढायचा आणि मानसोपचार विभाग विचारायचा. तुम्हाला धुळे जवळ पडेल, जळगावला मात्र अमळनेरहून सरळ रेल्वेने जाता येतं. निघण्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. ते जे बोलले तेच मीही एके काळी बोलले आहे. मी धुळ्यात नवीन होते तेव्हा शिरपूरकडचे एक शिक्षक माझ्याकडे आले होते. पगारपत्रकं वेळेत जायची नाहीत, तीन वेळा मोटारसायकलची किल्ली हरवली, मुख्याध्यापकांचं रोज ऐकून घेत होते. मी त्यांना चिंतेच्या गोळ्या दिल्या आणि डायरी लिहा म्हणून सांगितलं. जो माणूस डायरी कुठे ठेवली हेच विसरतो, त्याला मी डायरी लिहायला सांगत होते. ते दोनदा आले, पुन्हा आले नाहीत. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो. आम्हाला शिकवताना हा विषय बालरोगाच्या पानांत असायचा, आणि लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत असा निकष होता. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने निकष बदलले. लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, आणि सतरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या माणसाला यादीतल्या सहाऐवजी पाच खुणा पुरेशा धराव्यात, असं ठरलं. जुन्या काळात शिकलेल्या अनेक डॉक्टरांपर्यंत हा बदल नीट पोचलेलाच नाही.

मोबाइलमुळे हे होतं, हेही बरोबर नाही. मोबाइलने लक्ष विखुरतं हे खरं, पण जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन लंडनच्या व्याख्यानांत केलं ते 1902 साली. हा दोष घराण्यात उतरतो. उंचीइतका नसला तरी बराचसा रक्तातून येतो, म्हणून तुमचे वडील, काका, भाऊ कसे होते तेही आम्ही विचारतो. मुली सुटतात, कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसतात. मास्तरांना त्यांचा त्रास नसतो, त्यामुळे त्यांची तक्रार कोणी करत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली : जूनच्या गर्दीत एक बॅग इकडची तिकडे होत नाही. तुमच्या डॉक्टरांना वाटलं, जी बाई इतकं सांभाळते तिला काय झालंय. मला उलट तीच ओळ कामाची वाटते. गर्दीत गिऱ्हाईक समोर उभं असतं, काम हातोहात संपतं, पैसा लगेच गल्ल्यात पडतो. रजिस्टरसमोर कोणी उभं नसतं, त्याचं फळ महिन्यांनी मिळतं. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हुकमी नसतं. गळ्याशी आलं की येतं, नुसतं महत्त्वाचं आहे म्हणून येत नाही. दिवसाला पन्नास रुपये लेट फी लागते हे माहीत असूनही माणूस बसून राहतो, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. तुम्ही आळशी नाही. आळशी बाई पेरणीच्या गर्दीत असं दुकान चालवत नाही.

तरीही मी इथून निदान करणार नाही, आणि तुम्हीही त्या सहा प्रश्नांवरून करू नका. ती चाचणी बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेच्या अठरा प्रश्नांच्या प्रश्नावलीचा पहिला भाग आहे. तिचं काम एवढंच, की या माणसाची नीट मुलाखत घ्यावी का ते सांगणं. चार किंवा जास्त उत्तरं तिकडे झुकली तर घ्यावी. तुमची पाच आहेत.

'ब्रेन मॅपिंग'साठी एक रुपया देऊ नका. ईईजी, एमआरआय, रक्त, कशातही एडीएचडी दिसत नाही. तो मुलाखतीतूनच कळतो, तासाभराच्या, कधी दोन बैठकींच्या. रक्त मात्र दुसऱ्या कारणासाठी तपासा : थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी बारा. आपल्या भागातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की ते बघितल्याशिवाय मी पुढे जातच नाही. झोप कशी आहे, मन उदास असतं का, हेही विचारलं जाईल, कारण उदासीतही लक्ष असंच जातं. फरक ओळखायची खूण म्हणजे सुरुवात कधीची. लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर सुरू झालं असेल तर आम्ही दुसरीकडे शोधतो. दुसरीतिसरीपासून असेल तर इकडे.

म्हणून मला चिठ्ठीपेक्षा तुमचं प्रगतिपुस्तक हवं आहे.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी जालच. पोरी झोक्यावर असतील तेव्हा आईला घेऊन बसा आणि जुनी पेटी उघडा. चौथी-पाचवीचं प्रगतिपुस्तक मिळालं तर शेरा वाचा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'वही अपूर्ण' असं काही आहे का? नसलं मिळत तर आईला विचारा. पण 'मी चंचल होते का' असं विचारू नका, ती 'नाही गं, गुणाची होतीस' म्हणेल. प्रसंग विचारा. गिरणीत दळणाचा डबा ठेवून घरी आले होते का? शेतात न्याहारी घेऊन पाठवलं तर वाटेत किती वेळ लावायचे? छत्र्या किती हरवल्या? भावालाही वेगळं विचारा. पाचसहा प्रसंग, अंदाजे इयत्तेसकट, एका कागदावर लिहा. दुसऱ्या कागदावर आजचे : लेट फीच्या पावत्या, उधारीची चूक, गॅसवरचं दूध. लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून घरचं आणि दुकानचं दोन्ही हवं. जमलं तर मिस्टरांना बरोबर न्या. तक्रार करायला नव्हे, साक्ष द्यायला.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे थोडाच वेळ असतो. आत गेल्यावर रडू आलं तरी येऊ द्या, पण पहिलं वाक्य ठरवून जा : "मला लहानपणापासून हा त्रास आहे, एडीएचडीसाठी सविस्तर तपासणी हवी आहे, त्यासाठी वेगळी तारीख दिली तरी चालेल." दोन्ही कागद पुढे ठेवा.

फॅमिली डॉक्टरांकडे एकदा परत जायला माझी हरकत नाही. या वेळी मत मागू नका, दोन ओळी मागा : 'वय 34, लहानपणापासून लक्ष टिकत नसल्याची तक्रार. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासले. बी.पी. अमुक. एडीएचडीसाठी मूल्यमापन व्हावे.' बी.पी., नाडी, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, ही माहिती पुढे औषध निवडताना उपयोगी पडते. त्यांनी दिली तर उत्तम. नाही दिली तरी तुम्ही जायचंच आहे.

कागदाची भीती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणी 'मनाने अस्थिर' ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर त्याच कायद्याने बंधनकारक आहे. दुकानाचा आणि तुमच्या केस पेपरचा संबंध नाही. घरात कोणाला, कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. सासूबाईंचा प्रश्न मला दुष्ट वाटला नाही. उत्तर हाती आलं की त्यांनाही द्यावंसं वाटेल.

गोळ्यांचं नंतर, निदान झालं तर. मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. त्याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आणि औषधांच्या 'एक्स' यादीत आहे. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत तो ठेवून घेतो. तालुक्याच्या दुकानात मिळालं नाही तर घाबरू नका, कुठे मिळतं ते डॉक्टरांनाच विचारून निघा. सांगितलेल्या मात्रेत, तपासणीला येत राहून घेतलं तर सहसा व्यसन लागत नाही. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध त्या यादीत नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. बाळाचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगा.

एक विनंती. मृग लागला की तुम्हाला दुकानातून हलता येणार नाही, आणि गर्दीत सगळं छान चाललंय असं वाटून हे पुन्हा दिवाळीवर जाईल. आखाजी आणि मृग यांच्या मधलाच एखादा सोमवार धरा, आणि तो आजच मिस्टरांना सांगून ठेवा.