धंदे चार, मालक एक

साताऱ्याच्या एका रिटायर्ड काकांचं पत्र आलंय, 8 लाखांची एफडी सुटतेय, त्याचे हिंदुस्तान झिंकचे शेअर घेऊ का, डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) भारी देते म्हणे. उत्तर: नको. सरकारच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 16 हजार येतील, विषय संपला.

पण काका, खाली तुम्ही सहज लिहून गेलात की "माझं सगळं डायव्हर्सिफाइड आहे, वेदांताचे 1000 शेअर, बाकी झिंक, म्हणजे तेल, ॲल्युमिनियम, जस्त, वीज सगळं आलं". 40 लाखांतले 24 लाख त्यात! अहो धंदे चार असतील, तिजोरीची किल्ली एकाच माणसाकडे आहे. झिंक ही वेदांताचीच कंपनी, तिच्या डिव्हिडंडचा निम्म्याहून जास्त भाग वेदांताला जातो, वेदांताचाही निम्म्याहून जास्त वर लंडनच्या पेरेंट कंपनीला, आणि त्या कंपनीच्या डोक्यावर कर्ज. मग डिव्हिडंड कोणाची गरज बघून निघत असेल, तुमच्या लाइट बिलाची?

2014 ला याच ग्रुपच्या तेल कंपनीकडे, केर्न इंडियाकडे, कॅश पडून होती, तिने ग्रुपच्याच कंपनीला सव्वाशे कोटी डॉलर कर्जाऊ दिले, छोट्या शेअरहोल्डरांना नंतर कळलं. 2023 ला झिंकच्या पैशातून ग्रुपच्याच परदेशातल्या खाणी जवळपास 300 कोटी डॉलरला घ्यायचं ठरलं. अशा व्यवहारात प्रमोटरला, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाला, मत देता येत नाही हे खरं, पण झिंकमध्ये सरकारचा 30 टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता आणि सरकार आडवं आलं म्हणून ते बारगळलं. प्रत्येक कंपनीत तुमच्या शेजारी सरकार बसलेलं नसतं. बेकायदा काही म्हणत नाहीये मी, फक्त पंगतीत आपलं पान शेवटी असतं.

आणि पत्रात लिहिलीत ती 'गॅरंटीड' विमा पॉलिसी! 2022-23 ला वेदांताने शेअरला 101.50 रुपये डिव्हिडंड दिला, तुम्हाला लाखभर मिळाले, ते बघून एजंटने वर्षाला 1 लाखाची पॉलिसी गळ्यात मारली, "हप्ता डिव्हिडंडमधूनच जाईल". पुढच्या वर्षी आले 29.50, म्हणजे 70 हजार सेव्हिंगमधून गेले. साठीनंतर दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी विकणाऱ्याला काय म्हणायचं ते इथे लिहिता येत नाही.

ती पॉलिसी पेड-अप होते का, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू राहते का, ते ब्रँचला जाऊन लेखी घ्या, एजंटला सोबत नेऊ नका. शेअर दोन-तीन आर्थिक वर्षांत थोडे थोडे विका, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या लाँग टर्म (वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या) नफ्यावर टॅक्स नाही. 4 लाखांचे ठेवायचे तर ठेवा, हौस म्हणून.